माळावरचा हुडा

यंदा मृग कोरडा गेला. आर्द्राही निम्म्या सरल्या, आणि आभाळ धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखं पांढरं. लातुरात आमच्या गल्लीत टँकर येतो तेव्हा बायका आपापला पाइप धरून गप्प उभ्या राहतात. सुरुवातीला भांडणं व्हायची, आता तीही होत नाहीत. मी निवृत्त माणूस. मीही निळं पिंप घेऊन रांगेत असतो.

अशाच एका सकाळी रांगेत असताना फोनवर एक फोटो आला. ऑफिसातला जुना मित्र मुलाकडे जर्मनीला गेला आहे, त्यानं पाठवलेला. हिरव्यागार झाडीत दगडांचा एक चौकोन. गुडघ्याएवढ्या उंचीचा, चार थर उरलेला. खाली मित्रानं लिहिलं होतं, रोमन लोकांनी राज्याच्या सीमेवर बांधलेला टेहळणीचा बुरूज, दोन हजार वर्षांचा. दुसऱ्या फोटोत तिथला फलक होता. बुरजावर किती शिपाई राहायचे, ते कुठं झोपायचे, कशावर स्वयंपाक करायचे, शत्रू दिसला की खालच्यांना कसं कळवायचे, सगळं चित्रं काढून दाखवलेलं. चार थरांभोवती कुंपण. गवत कापलेलं.

माझा नंबर आला तरी मी फोटोच बघत होतो. मागची बाई म्हणाली, "काका, भरा की." मी पिंप लावलं. पाण्याची धार पिंपाच्या तळावर आपटली आणि मला घणांचा आवाज ऐकू आला. चाळीस वर्षांपूर्वीचा.

लातूर जिल्हा तेव्हा नवा-नवा झाला होता. जुन्या जिल्ह्यातून ट्रकांनी आलेली लोखंडी कपाटं भाड्याच्या इमारतींच्या व्हरांड्यात उभी होती. पाट्यांचा रंग ओला होता. माझं ऑफिस पाण्याच्या कामांचं होतं. कुठलं ते सांगण्यात आता अर्थ नाही. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं उघडली की धुळीबरोबर पालीची अंडी निघायची. मी तिथं अनुरेखक म्हणून लागलो. म्हणजे दुसऱ्यानं पेन्सिलीनं काढलेला नकाशा पारदर्शक ट्रेसिंगवर शाईनं गिरवायचा आणि अमोनियाच्या मशीनवर त्याच्या प्रती काढायच्या. त्या अमोनियानं डोळ्यांतून पाणी यायचं. त्या वर्षी डोळ्यांतलं तेवढंच पाणी फुकट होतं, असं आम्ही चेष्टेनं म्हणायचो.

नेमणूक तात्पुरती होती. सहा-सहा महिन्यांची ऑर्डर निघायची आणि ती डेप्युटी साहेबांच्या शिफारशीवर निघायची. साहेब चांगले होते. त्यांनीच मला त्यांच्या नात्यातल्या एकांकडे खोली मिळवून दिली. घरमालकांनी पहिल्या दिवशी आडनाव विचारलं. मी गावाच्या नावापुढं 'कर' लावून सांगितलं. लोहा तालुक्यातल्या माझ्या गावच्या बौद्धवाड्यात असं आडनाव कुणाचंच नाही. घरमालकांनी पुढं विचारलं नाही, मी पुढं सांगितलं नाही. खरं आडनाव नेमणुकीच्या कागदात होतं, पण ऑफिसातही सगळे मला याच नावानं हाक मारायचे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात माठ होता. त्यातलं पाणी मी घ्यायचो, आणि प्रत्येक वेळी तांब्या उचलताना कुणी बघतंय का ते बघायचो.

असं जगायला फार कष्ट पडत नाहीत. फक्त सतत जागं राहावं लागतं.

त्या वर्षी ज्वारी गुडघ्याच्या वर गेली नाही. कणसांच्या जागी नुसत्या वाळक्या वाती होत्या. मुखेडच्या बाजारात बैल उभे असायचे, त्यांना घेणारे नसायचे. विहिरींत बायका दोर बांधून उतरायच्या आणि खडकाच्या बेचक्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायच्या. माळावर पळस मात्र दरवर्षीसारखा फुलला होता. हिरवं काहीच नसल्यामुळे तो जास्तच लाल दिसायचा, बघवत नसे.

नांदेडच्या हद्दीला लागून, मुखेडकडच्या एका गावी रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं. मोजणीला माणसं कमी पडत होती, म्हणून डेप्युटी साहेबांनी मला जीपमध्ये घातलं. "टेबलावर नकाशे गिरवतोस, एकदा जमीन पण बघ," म्हणाले.

जमीन बघितली. उघडा माळ, काळे दगड, मधून जाणारा कोरडा ओढा. ओढ्याच्या काठी शेकडो माणसं माती उकरत होती. आणि माळाच्या टोकाला तो हुडा उभा होता. त्या भागात टेहळणीच्या बुरजाला हुडा म्हणतात. दोन पुरुष उंचीचा राहिला होता. एक बाजू ढासळलेली, दुसरी अजून घडीव दगडांची, गोल. चुन्याच्या सांध्यांतून पिंपळ आला होता, तोही वाळलेला. कुठल्या राजवटीत बांधला ते गावात कुणाला सांगता येईना. वरून मात्र दोन्हीकडचं दिसायचं. इकडं लातूरची गावं, तिकडं नांदेडची. नवा जिल्हा झाला तरी हद्द त्याच्या पायथ्याशीच राहिली होती.

हुड्याच्या सावलीत एक म्हातारा बसलेला असायचा. पांढरं धोतर, अंगात खादीची बंडी, गळ्यात निळ्या दोऱ्यात ओवलेलं बुद्धाचं पितळी बिल्ल्यासारखं चित्र. त्याचं नाव लिंबाजीबाबा. त्याची सून गयाबाई कामावर होती. ती खडीच्या टोळीत घण चालवायची, आणि दुपारी भाकरीचं फडकं घेऊन सासऱ्याकडे यायची. दोघं अर्धी-अर्धी भाकरी खायचे. तो आधी तिला मोठा तुकडा द्यायचा, ती तो परत त्याच्या हातात ठेवायची. रोज.

मी पट्टी धरून हुड्याचा घेर मोजायला लागलो तेव्हा बाबा उठला.

"नक्शा काढून राहिलाव का?"

"हो बाबा. तलावाचा."

"मंग हुडा कामून मोजून राहिलाव?"

"जे जे आहे ते सगळं नकाशात दाखवावं लागतं."

तो म्हणाला, "या, आत दावतो."

ढासळलेल्या बाजूनं आम्ही आत शिरलो. आत गारवा होता, वटवाघळांचा उग्र वास होता. एका कोनाड्यात काजळी इतकी मुरली होती की बोट लावलं तरी निघत नव्हती. कोनाड्याखाली एक दगड होता, मधोमध खोलगट, तेल लावल्यासारखा गुळगुळीत. बाबानं त्यावर हात फिरवला.

"मपला आजा इथं बसायचा. मंग बाप. बाप धोंडी. दिवसाबी, रातीबी. दूर धूळ दिसली का जाळ करायचा आन् आरोळी मारायची. घोड्यावरचे दरवडेखोर यायचे त्या काळात, तिकडल्या बाजूनं. महारकी होती आमच्याकडं, वेस राखायची, हद्द राखायची."

"तुम्ही बसलात का कधी?"

"बसलो. पोरगा होतो तवा. छप्पन साली धर्म घेतला आन् महारकी सोडली ती सोडलीच. मेलेलं ढोर वढायचं सोडलं, वेस सोडली, हुडा तर आधीच बंद झाला होता." मग म्हणाला, "पन ढोर वढायचं आन् हुड्यावर बसायचं एक न्हाई, साहेब. हे काम वंगाळ नव्हतं. आमाला वागवनं वंगाळ होतं."

मी वहीत कोनाड्याची उंची लिहीत राहिलो.

"एक डाव धूळ दिसली," तो सांगत होता. "बापानं जाळ केला. आरोळी मारली. गाव सावध झालं, जनावरं आत घेतली, वेस लावून घेतली. बाप उतरून खाली पळत येईस्तवर वेस लागली होती. तसंबी आमचं घर वेशीच्या भायेरच. म्या आन् माय कडब्यात लपलो होतो. घोडेवाले गावात शिरले न्हाईत. शिरता आलं न्हाई म्हनून माळावर बापाला गाठलं. माय सकाळी घिऊन आली त्याला."

त्याचा आवाज अजिबात चढला नाही. जेवणाचं सांगावं तसं त्यानं सांगितलं.

"आता पाटलाच्या घरचे सांगत्यात, हुडा त्यांच्या पूर्वजानं लढवला. सांगू द्या. त्येंच्या घरचं कुनी कधी इथं चढलं न्हाई, आत ढुंगन टेकाया जागा किती हाय ते बी त्येंला ठावं न्हाई." मग तो माझ्या वहीकडे बोट दाखवून म्हणाला, "हुडा पाडा का ठिवा, तुमचं तुमी बगा. लोकांला काम पायजे. पन सरकारी कागदावर लिवा, इथं कोन बसत होतं. धोंडी महार बसत होता म्हनून लिवा. तेवढं लिवा."

मी म्हणालो, "लिहितो," आणि वहीत कोनाड्याच्या मापाखाली धोंडीचं नाव टिपलं.

बाहेर आल्यावर उन्हानं डोळे मिटले. बाबा माझ्या मागून येत होता. त्यानं सहज विचारलं, "साहेब, तुमचं गाव कोन्तं?"

मी गाव सांगितलं.

"आडनाव?"

मी 'कर' लावलेलं आडनाव सांगितलं. जीप पन्नास पावलांवर उभी होती, ड्रायव्हर बॉनेटला टेकून विडी ओढत होता. बाबा 'हाव' म्हणाला आणि सावलीत जाऊन बसला.

आज वाटतं, तिथं वाऱ्याशिवाय ऐकायला कुणी नव्हतं. ड्रायव्हरला ऐकू गेलंही नसतं. पण त्या वयात भीतीला अंतर कळत नाही. पन्नास पावलांवरचा माणूस उशाशी बसल्यासारखा वाटतो.

ऑफिसात परत आल्यावर मी नकाशा गिरवायला घेतला. दुपारची वेळ, पंखा बंद, कारण लाइट नसायची. घामाचा थेंब ट्रेसिंगवर पडला तर शाई फुटते, म्हणून मनगटाखाली रुमाल घेऊन काम करायचो. ओढा काढला, बांधाची रेघ काढली, नांदेड जिल्ह्याची हद्द तुटक रेघेनं दाखवली. हुड्याच्या जागी लहान गोल काढला आणि शेजारी माझ्या सर्वांत चांगल्या अक्षरात लिहिलं: 'टेहळणीच्या जुन्या हुड्याचे अवशेष. येथे गावचे महार पहारेकरी बसत. त्यांपैकी धोंडी हा येथेच कामी आला.'

लिहून झाल्यावर बराच वेळ मी ती शाई वाळताना बघितली. त्या ऑफिसात मी केलेलं ते एकमेव माझं स्वतःचं वाक्य होतं. बाकी सगळं गिरवलेलं.

डेप्युटी साहेबांनी ट्रेसिंग काचेवर धरलं. वाचलं. चष्मा काढला.

"हे काय आहे?"

"साहेब, हुडा आहे तिथं. जुना."

"ते दिसतंय. अवशेष लिहिलंस की वरून विचारणा येणार. कुठल्या काळातला, कुणाच्या ताब्यातला, पाडायची परवानगी कुणाची. ती येईपर्यंत काम बंद. बांधाला आतून बसवायचा पिचिंगचा दगड तिथलाच धरलाय, दुसरी खाण बारा किलोमीटरवर. काम बंद म्हणजे सगळी माणसं घरी. तू जाऊन सांगशील त्यांना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

"आणि हे खालचं काय? महार पहारेकरी, धोंडी. हे नकाशात लिहितात का कुणी?" ते चिडलेले नव्हते. त्यांना खरंच नवल वाटलं होतं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, बहुतेक पहिल्यांदाच. "तुझा काय संबंध याच्याशी?"

टेबलावर पेपरवेट होता, काचेचा, आत निळं फूल. मी त्याच्याकडे बघत म्हणालो, "काही नाही साहेब. एक म्हातारा सांगत होता."

"ढिगारा लिही," ते म्हणाले.

ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही. दाढीचं अर्धं पातं घेऊन हळूहळू खरवडावी लागते, नाहीतर कागद फाटतो. मी खरवडली. आधी 'धोंडी' खरवडला, कारण तो सगळ्यात खाली होता. मग पहारेकरी. मग अवशेष. कागद तिथं जरा खरखरीत झाला. त्यावर नखानं घासून गुळगुळीत केला आणि लिहिलं: 'दगडांचा ढिगारा'. अक्षर चांगलं आलं. अमोनियाच्या मशीनवर आठ प्रती काढल्या. सगळ्या व्यवस्थित उमटल्या.

'अवशेष' खोडणं भाग होतं, असं मी आजही मानतो. त्या माणसांच्या चुली त्या कामावर पेटत होत्या. पण धोंडीचं नाव माझ्या मोजणीच्या वहीत राहू शकलं असतं. तिथं साहेब बघणार नव्हते. पुढच्या आठवड्यात ती वही जमा करायची होती. मी ते पान फाडून कोऱ्या पानावर पुन्हा लिहून काढलं, नुसती मापं ठेवून. ते मला कुणी सांगितलं नव्हतं.

हुडा पाडायला घेतला तेव्हा मी एकदाच गेलो. पहारींनी वरचा थर सरकवायचे, दगड गडगडत खाली यायचे, आणि खाली घणवाले त्यांचे पिचिंगच्या मापाचे तुकडे करायचे. घडीव दगड सहज फुटत नाही. पहिले काही घाव नुसते वाजतात. लिंबाजीबाबा सावली गेल्यामुळे थोडा लांब, एका बाभळीखाली बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि हात जोडले. मी हात जोडले. जीपचा हॉर्न वाजला म्हणून मी निघालो. हॉर्न वाजायच्या आधीच मी वळलो होतो, खरं सांगायचं तर.

पुढं पाऊस आला. तलावात पाणी साचलं आणि दिवाळीच्या आत जमिनीत निघून गेलं. पाझर तलावातलं पाणी झिरपतंच, त्यासाठीच तो असतो. पण ते खालच्या विहिरींना कधी लागलं नाही. खडकात कुठं फट होती कुणास ठाऊक. पुढच्या वर्षी कामाच्या पाहणीला दुसरं कुणी गेलं. माझी बदली झाली, ऑर्डर कायम झाली, लग्न झालं. घरमालकाची खोली मी सोडली. आडनाव कागदोपत्री खरं होतंच, नंतर तोंडीही खरं सांगायला लागलो. पोरांनी तर घरावर मोठ्या अक्षरात लावलं आहे. काळ बदलला, माझं धाडस वाढलं असं काही झालं नाही.

फोटो आला त्या आठवड्यात मी मुखेडच्या एसटीत बसलो. का, ते बायकोलाही नीट सांगता आलं नाही. खिडकीतून बघत होतो, वळवाच्या पावसावर पेरलेलं उगवून करपलेलं होतं. सोयाबीनच्या दोन-दोन पानांची रांग, मग पुढं नुसती ढेकळं. फाट्यावर उतरून चालत गेलो. तलाव सापडला. बांधावर वेडी बाभूळ माजली आहे. बांधाच्या आतल्या अंगाला काळे दगड बसवलेले अजून आहेत, एखाद्या दगडाची एक बाजू सपाट, घडीव दिसते. तलावाच्या पोटात भेगा पडल्या होत्या आणि त्यांत शेळ्यांचे पाय अडकू नयेत म्हणून कुणीतरी काटे टाकले होते.

गयाबाईचं घर विचारत गेलो. ती पत्र्याच्या सावलीत ज्वारी निवडत होती. सत्तरीची असेल. हाताची बोटं घण धरून वाकडी झालेली, सुपात ती नीट सरळ होत नव्हती. घरात एकटीच होती. मुलगा-सून पुण्याकडे बांधकामावर गेलेले.

मी ओळख दिली. "तलावाच्या मोजणीला आलो होतो. नक्शेवाला."

तिनं सूप खाली ठेवलं. "हाव," म्हणाली, "बसा."

लिंबाजीबाबा त्या दुष्काळानंतर दोन उन्हाळे काढून गेला, असं तिनं सांगितलं. मग मी सगळं बोललो. काय लिहिलं होतं, काय खरवडलं, वहीचं पान. मी कोण आहे तेही सांगितलं, माझ्या गावच्या वाड्याचं नाव, वडिलांचं नाव. तिनं मध्ये उठून टँकरच्या पाण्याचा अर्धा पेला दिला. मी तो दोन घोटांत संपवला आणि मग लक्षात आलं की तिच्याकडे किती असेल ते मी बघितलंही नव्हतं.

"आमाला ठावं होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"तुमी आपले हाव म्हनून. बाबाला गाव सांगितलं तवाच कळलं त्येंला. तुमच्या वाड्यात बाबाची मावसबहीन दिली होती, तुमच्यासारख्याच तोंडवळ्याची मानसं बगितली होती त्यांनी." तिनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला. "हुडा पाडायला लागले तवा म्या म्हनलं, बाबा, त्या नक्शेवाल्याला जाऊन इचारा, लिवलं का म्हनून. तुमी जीपकडं उभे होता. बाबा म्हनले, नको. पोरगं आपलंच हाय, भिऊन राहिलंय. म्या चारचौघांत इचारलं तर त्याचं उघडं पडंल. त्याची नोकरी ऱ्हाऊ द्या."

मी खाली बघत होतो. सुपात ज्वारी थोडी आणि खडे बरेच होते.

"आता लिवता येतंय का कुटं?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "त्या फाइली आता नाहीत. असल्या तरी कुणी बघत नाही."

"मंग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

परतीची गाडी उशिरा होती. फाट्यावर सावलीला झाड नव्हतं, मी पाटीच्या खांबाच्या सावलीत उभा राहिलो, ती हातभर रुंदीची होती. नोकरी राहिली. चौतीस वर्षं केली, आणि महिन्याच्या महिन्याला पेन्शन येते.